कोल्हापुरात राहून इंडस्ट्रियल आणि प्रॉडक्ट फोटोग्राफीवर घर चालतं का?

सावलीउजेड

नमस्कार. मी मूळची कोल्हापूरची, सध्या पुण्यात एका ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत स्टुडिओ फोटोग्राफर आहे. काम म्हणजे कुर्ते, बेडशीट, डबे, चपला. पांढरी बॅकग्राउंड, ठरलेले पाच अँगल, रोजचा कोटा. लाइटिंगवर हात बसलाय, पण लाइट कुठे ठेवायचा हे आम्ही ठरवत नाही. जमिनीवर टेपच्या खुणा आहेत, स्टँड त्याच खुणेवर. पगार वेळेवर होतो, तक्रार नाही.

वडिलांचं शिरोलीला छोटं मशीन शॉप आहे. दिवाळीला घरी गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर एका फाउंड्रीचं (धातू ओतून पार्ट बनवणाऱ्या कारखान्याचं) कॅटलॉग पडलेलं होतं. पार्ट सुरेख, फोटो मात्र मोबाइलवर उभ्या उभ्या काढलेले. एका फोटोत मागे कुणाची तरी चप्पल दिसतेय. बाबा म्हणाले, इथे सगळ्यांचंच असं आहे. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. नोकरी सोडून घरी यावं आणि फक्त कमर्शियल काम करावं, म्हणजे कारखाने, मशिनरी, दागिने, खाण्याचे पदार्थ.

आई म्हणते, लग्नाच्या ऑर्डरी घे, त्यात पैसा दिसतो. बाबा काही म्हणत नाहीत, पण "गिऱ्हाईक फोटोला पैसे देईल का गं?" हे त्यांनी दोनदा विचारलंय.

मला विचारायचंय ते असं. दर फोटोमागे लावायचा की दिवसाचा? फोटोवर हक्क कुणाचा राहतो? पैसे अडकले तर काय करायचं? आणि हे काम मुंबई-पुण्याबाहेर राहून खरंच कुणी करतंय का? हातात साधारण सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक आहे. फुल फ्रेम कॅमेरा, ५० मिमी आणि १०० मिमी मॅक्रो लेन्स आहे. लाइट अजून घेतलेले नाहीत.

लग्नघर

मी सातारा-कराड पट्ट्यात लग्नं करतो. तुमच्या आईंचं म्हणणं अगदी सोडून देऊ नका. लग्नात अर्धे पैसे आधी हातात येतात, तारीख पक्की असते आणि एका लग्नातून पुढची दोन मिळतात. कारखानदार मात्र "बघू, सांगतो" म्हणतो आणि चार महिन्यांनी फोन करून उद्याच या म्हणतो.

पण एक खरं आहे. लग्नसराईत दोन-दोन रात्री जागून झाल्यावर प्रॉडक्टच्या कामाला लागणारी शांत नजर राहत नाही. दोन्ही एकत्र करणारे आहेत, मी स्वतः करून सोडलं. पहिलं वर्ष मोजकी लग्नं धरा, तीही दुसऱ्या फोटोग्राफरकडे दिवसाच्या मजुरीवर. स्वतःच्या नावावर घेतलीत की अल्बम, एडिटिंग, मामा-मावशीचे फोन यात वर्ष जातं.

भट्टीकाठचा

पोरी, वयाने बराच मोठा आहे म्हणून एकेरी लिहितो.

करतंय का कुणी, म्हणून विचारलंस. मी करतोय. १९९० च्या आसपास सुरुवात केली, आजही महिन्यातले निम्मे दिवस कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये असतो. मुलीचं शिक्षण, घर, सगळं याच कामावर झालं. लग्नं केली नाहीत. लग्नाच्या कामाला कमी लेखतो असं नाही, माझा ओढा पहिल्यापासून यंत्राकडे होता एवढंच.

मी आधी राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत नोकरीला होतो. पासपोर्ट फोटो, शाळांचे ग्रुप फोटो, डार्करूममध्ये प्रिंट धुणं. एक फाउंड्रीवाले पासपोर्ट फोटोला आले आणि बोलता बोलता म्हणाले, परदेशातलं गिऱ्हाईक पार्टचे फोटो मागतंय, येशील का? तेव्हा छापील कॅटलॉगला स्लाइड फिल्म लागायची. एक्सपोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, थोडासा इकडचा तिकडे झाला तरी रंग गेला. आधी पोलरॉइड काढून लाइट तपासायचा, मग रोल. रोल रात्रीच्या बसने मुंबईच्या लॅबला जायचा आणि धुऊन परत येईपर्यंत तो पार्ट कंटेनरमध्ये चढलेला असायचा. पुन्हा काढायची सोयच नव्हती. त्यामुळे शटर दाबण्याआधी वस्तू नीट बघायची सवय लागली. आजची मुलं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे बघतात. तू वस्तूकडे बघ.

हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण या धंद्याचं मर्म तिथेच आहे. आपल्या भागातल्या कास्टिंगचा, म्हणजे ओतीव पार्टचा फोटो जर्मनीतला किंवा चाकणचा खरेदी अधिकारी बघतो. त्याला बोअरची (पार्टमधल्या गोल भोकाची) फिनिश दिसायला हवी, मशीन केलेला भाग कुठे संपतो आणि ओतीव पृष्ठभाग कुठे सुरू होतो ते दिसायला हवं, रिबची (मजबुतीसाठी ठेवलेल्या पट्टीची) जाडी कळायला हवी. त्या फोटोवर विसंबून तो पुढची चौकशी करतो. एकदा एका मालकाने मला पार्टवरचा ब्लोहोल (ओतताना हवेने पडलेलं भोक) रिटच करून काढायला सांगितला. मी नाही म्हटलं. दुसरा चांगला पीस आणा, तो काढतो, म्हटलं. त्यांनी आणला, आणि आज त्यांचा मुलगा कॅटलॉगचं काम मलाच देतो. धूळ काढ, बोटाचा डाग काढ, मागची भिंत काढ. धातूतला दोष काढायचा नाही. एआयने बॅकग्राउंड हवी तशी मिळते, मिळू दे. पण नेमका हाच पीस, याच मापाचा, याच फिनिशचा, तो कुणीतरी समोर ठेवूनच काढावा लागतो.

आता शेडमधल्या चार गोष्टी, ज्या तुला स्टुडिओत कळणार नाहीत.

मशीन केलेल्या कास्ट आयर्नला उघड्या हाताने हात लावू नको. घामाचं बोट लागलं की दुसऱ्या दिवशी तिथे गंजाचा ठसा उमटतो आणि मालक तुझ्याकडे बघतो. हातमोजे घाल. गंजू नये म्हणून कामगार पार्टला तेल लावतात, ते पुसून घे, नाहीतर लाइटचे ठिपके ठिपके दिसतात. शूट झालं की तेल परत लावायला सांग, आणि ते लावेपर्यंत तिथून हलू नको.

फाउंड्रीतली काळी धूळ कॅमेऱ्याची वैरी आहे. वाळू, कोळशाची पूड, लोखंडाचा चुरा, सगळं हवेत असतं. आत लेन्स बदलायची नाही. एक कॅमेरा, एक झूम, पुढे साधा यूव्ही फिल्टर. ठिणगीने फिल्टर गेला तर गेला, लेन्स वाचते.

पोअरिंगचा, म्हणजे रस ओततानाचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो. वितळलेलं लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास असतं, शेड काळीकुट्ट. कॅमेरा ऑटोवर ठेवलास तर एक तर रस पांढराफटक येईल, नाहीतर माणसं गायब. रसाच्या धारेला एक्सपोजर धर, तिचा केशरी रंग टिकला पाहिजे, आणि माणसांवर बाजूने थोडा फ्लॅश दे, पुढे नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावून. फ्लॅश मारण्याआधी लॅडल (रसाचं भांडं) धरणाऱ्या गड्यांना सांग, एकदा रिकामा मारून दाखव. अचानक डोळ्यांवर उजेड आला आणि हात हलला तर काय होईल ते मी लिहायला नको. कपडे सुती. पॉलिस्टरवर ठिणगी पडली की ते कातडीला चिकटतं. बूट सेफ्टीचे, स्वतःचे, मापाचे.

मोठी हाउसिंग (यंत्राची ओतीव कवचं) उचलून स्टुडिओत येत नाहीत, म्हणून आपला स्टुडिओ तिकडे न्यायचा. फ्लेक्सची पांढरी मागची बाजू बॅकग्राउंडला चालते. वर ट्रेसिंग पेपरची मोठी चौकट, त्याच्या वरून एक लाइट. दोन बाजूंना काळे कार्ड उभे केलेस की धातूच्या कडेला काळी रेघ येते आणि आकार सुटून दिसतो. पांढऱ्यावर पांढरा धातू वितळल्यासारखा दिसतो तो त्या रेघेशिवाय. शेडमधल्या ट्यूब बंद करून घे, नाहीतर एका बाजूला हिरवट झाक येते आणि ती नंतर काढता काढता रात्र होते.

जुन्यांचं काम बघ. मित्तर बेदी हे नाव शोध. जन्म लाहोरचा, काम मुंबईत, १९८५ साली गेले. रिफायनऱ्या, चिमण्या, पाइप, पोलादाचे कारखाने त्यांनी असे काढले की भारतात इंडस्ट्रियल फोटोग्राफी म्हटलं की आजही आधी त्यांचं नाव येतं. पाइपांच्या जंजाळात त्यांना रेषा दिसायच्या. मी त्यांचे प्रिंट पहिल्यांदा पाहिले आणि त्यानंतर शिरोलीची शेड मला वेगळीच दिसायला लागली.

दराचं. दिवसाचा दर लाव, पण तो शेजाऱ्याकडे बघून काढू नको. वर्षाचा घरखर्च आणि धंद्याचा खर्च कागदावर मांड. धर, घर ६ लाख आणि धंदा ३ लाख. धंद्यात इन्शुरन्स, प्रवास, असिस्टंट, कॉम्प्युटर, लाइटची झीज सगळं आलं. ९ लाख झाले. आता वर्षात खरे शूटचे दिवस किती? तीनशे नव्हेत. चौकश्या, एडिटिंग, बिलं, वसुली यात दिवस जातात. ८० धर. ९ लाख भागिले ८०, म्हणजे ११,२५० रुपये. ही तुझी तळरेषा. याच्या खाली आलेलं काम म्हणजे तू तुझ्या शिलकीतून गिऱ्हाइकाला पैसे देतेस. रिटचिंग, प्रवास, असिस्टंट कोटेशनमध्ये वेगळ्या ओळींत लिही. घासाघीस त्या ओळींवर होऊ दे, दिवसाच्या दरावर नको.

काम कुठून येतं? शंभर माणसांच्या फाउंड्रीत मार्केटिंग विभाग नसतो. मालकाचा मुलगा किंवा सून ते बघते, तुझ्याच वयाची असते. शिरोलीची, गोकुळ शिरगावची, उद्यमनगरची कारखानदारांची संघटना आहे, फाउंड्रीवाल्यांच्या राष्ट्रीय संस्थेची शाखाही कोल्हापुरात आहे. त्यांच्या कार्यक्रमांना जा. बेंगळुरूचं मशीन टूल्सचं प्रदर्शन किंवा फाउंड्रीचं प्रदर्शन जवळ आलं की त्याआधी दोन-तीन महिने सगळ्यांना एकदमच कॅटलॉग आठवतं. त्या तारखा भिंतीवर लावून ठेव. आणि सुरुवात वडिलांच्या शॉपपासून कर. तिथले पार्ट काढ, त्यांच्या ओळखीच्यांना प्रिंट दाखव. मोबाइलवर दाखवू नको. ए-थ्री प्रिंट हातात दिला की माणूस त्यावर बोट ठेवून बोलायला लागतो.

शेवटी बॅकअप. २०१९ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं, २०२१ ला परत. माझी एक डिस्क स्टुडिओत आणि दुसरी बहिणीच्या घरी वरच्या मजल्यावर असते. २०१९ च्या पुरानंतर दोन कारखान्यांनी मला फोन केले, कारण त्यांच्या स्वतःच्या ऑफिसातले कॉम्प्युटर भिजले होते आणि सगळे फोटो फक्त माझ्याकडे उरले होते. ते काम मी फुकट पाठवलं.

दादर_टीटी

काका, फार सुंदर लिहिलंत. मी मुंबईत फूड आणि पॅकेजिंगची फोटोग्राफर, पंधराएक वर्षं झाली. मी हक्काबद्दल लिहिते, कारण यात सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

आपल्याकडे बहुतेक फोटोग्राफर धरून चालतात की मी काढला म्हणजे हक्क माझा. १९५७ चा कॉपीराइट कायदा तसं म्हणत नाही. लेखक म्हणून नाव तुमचंच, पण कुणी मोबदला देऊन, सांगून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक तो पैसे देणारा. कलमातले "वेगळा करार नसेल तर" हे शब्द तुमच्यासाठी आहेत. म्हणजे करार करा. लांबलचक नको, कोटेशनच्या खाली चार ओळी आणि त्यावर दोघांची सही पुरते.

त्या चार ओळींत काय, ते काम बघून ठरवायचं. पापडाच्या पुड्यावर छापायचा फोटो असेल तर मी लिहिते: पॅकेजिंग आणि वेबसाइटसाठी, भारतात, दोन वर्षं. तीन वर्षांनी तोच फोटो होर्डिंगवर लागला तर त्याचे वेगळे पैसे होतात. हक्क पूर्ण विकत देणार असाल तर मुदत आणि प्रदेश लिहाच. नाही लिहिलं तर कायदा ५ वर्षं आणि भारत असं धरून चालतो.

पण ताई, एक मनापासून सांगते. छोट्या कारखानदाराला तीन वर्षांच्या लायसन्सची भाषा ऐकवू नकोस. त्याला वाटतं स्वतःच्याच पार्टच्या फोटोसाठी भाडं मागतेय. कास्टिंगचे फोटो तसेही दुसऱ्या कुणाला विकता येत नाहीत. तिथे वापराचा हक्क पूर्ण देऊन टाक आणि फक्त एक वाक्य मागून घे: "छायाचित्रकाराला हे फोटो स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवता येतील." आणि ते शूटच्या आधी माग. काही पार्ट त्यांच्या गिऱ्हाइकाच्या डिझाइनचे असतात, ते दाखवता येत नाहीत, त्याची यादी आधीच मिळाली की नंतर कुरबुर होत नाही. जाहिरात एजन्सी किंवा मोठा ब्रँड असेल तर मात्र वापरावरच पैसे ठरतात. तिथे मागे हटू नकोस.

नोकरी सोडायची भीती वाटते ना? गौतम राजाध्यक्ष लिंटाससारख्या जाहिरात संस्थेत फोटो विभागात वर्षानुवर्षं होते, १९८७ साली बाहेर पडून त्यांनी पूर्णवेळ स्वतःचं काम सुरू केलं. आपण त्यांना नट-नट्यांच्या पोर्ट्रेटसाठी ओळखतो, पण एजन्सीत गिऱ्हाईक काय मागतं, ते छापून कसं येतं हे सगळं शिकून ते बाहेर आले होते. तुझी कोट्याची नोकरीसुद्धा शिकवते. फाइलला नाव कसं द्यायचं, शंभर वस्तूंत एकही सुटू न देता शूट कसं लावायचं, रंग दर वेळी एकसारखा कसा ठेवायचा. कारखान्याच्या कॅटलॉगला नेमकं हेच लागतं. निघण्याआधी ती पद्धत पूर्ण उचल.

आणि बाई म्हणून शेडमध्ये जाशील तेव्हा पहिल्या दिवशी लोक असिस्टंट मुलालाच विचारतील, "साहेब, लाइट कुठे लावू?" त्याने तुझ्याकडे बोट दाखवायचं, एवढं त्याला आधी सांगून ठेव. दुपारपर्यंत सवय होते. स्वच्छतागृह कुठे आहे हे आदल्या दिवशी फोनवर विचारून घे, संकोच करू नकोस.

हिशेबनीस

इचलकरंजीत अकाउंट्सचं काम करतो, गिऱ्हाइकांत तीन फोटोग्राफर आहेत. पैसे अडकण्याबद्दल लिहितो.

आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करा. सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. पहिलं काम घ्यायच्या आधीच करा, बिल अडकल्यावर नव्हे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ च्या एमएसएमई कायद्यात मुदत घालून दिली आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवस, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस. त्यापुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागू होतं. "आमच्याकडे ९० दिवसांचं क्रेडिट असतं" असं कंपनीने ऑर्डरमध्ये लिहिलं तरी ते या ४५ दिवसांवर चालत नाही. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते, ती सुविधा परिषदेकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे जाते.

खरं सांगायचं तर तक्रारीपर्यंत गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की अकाउंट्सवाला सावध असतो. आयकरातही २०२४ पासून असं झालंय की सूक्ष्म-लघु पुरवठादाराचं बिल मुदतीत दिलं नाही तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरावा लागतो. त्यामुळे मार्चमध्ये तुमचा फोन ते स्वतःहून उचलतात. फेब्रुवारीच्या शेवटी थकबाकीची यादी नम्रपणे मेल करा.

जीएसटी. सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण मोठे कारखाने जीएसटी नंबर नसलेल्याला व्हेंडर म्हणून घेताना कुरकुरतात. घेतलात तर १८ टक्के बिलात वेगळे दाखवा आणि तो पैसा आपला समजू नका, वेगळ्या खात्यात टाका. कंपनी टीडीएस (तुमच्या नावावरचा आयकर) आधीच कापेल, बऱ्याचदा १० टक्के. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस फक्त तुमच्या फीवर कापला जातो, एकूण रकमेवर नाही. आयकराच्या पोर्टलवर तो तुमच्या नावावर जमा दिसतोय का, दर तिमाहीला बघा. कापलेला आणि भरलेला यात फरक असतो.

आणि अर्धी रक्कम आगाऊ. वर सगळं कायद्याचं लिहिलं, पण माझ्या तिन्ही गिऱ्हाइकांत जो आगाऊ घेतो त्याची वसुलीची फाइल सगळ्यात पातळ आहे.

सावलीउजेड

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. ब्लोहोलचं ऐकून ते म्हणाले, "हा माणूस खरा आहे." काल रात्री त्यांनी स्वतःच तीन पार्ट घासूनपुसून ठेवले आहेत.

एक चौकशी आलीय. हुपरीचे एक चांदीवाले आहेत, आत्याच्या ओळखीतले. पैंजण, जोडवी, छल्ले मिळून साठ डिझाइन, प्रत्येकी दोन फोटो. घाऊक व्यापाऱ्यांना पाठवायचं कॅटलॉग आहे. माल ते घरी आणून द्यायला तयार नाहीत, त्यांच्याच पेढीच्या वरच्या खोलीत काढायचं. मी पुण्यात लाइट टेंटमध्ये (पांढऱ्या कापडाच्या छोट्या तंबूत) एक पैंजण काढून बघितलं तर चांदी राखाडी, मेल्यासारखी दिसते. टेंट काढला तर प्रत्येक घुंगरात मी दिसते. काय करू? आणि दर फोटोमागे सांगा म्हणतात.

भट्टीकाठचा

चांदी राखाडी दिसते कारण टेंटमध्ये तिला सगळीकडून सारखंच पांढरं दिसतं. चमकणाऱ्या वस्तूला स्वतःचा रंग फारसा नसतो, समोर जे असेल तेच ती दाखवते. तिला पांढरं आणि काळं दोन्ही दाखव.

असं कर. पैंजण जाड पांढऱ्या अॅक्रिलिकवर ठेव. वरून ट्रेसिंग पेपर, त्यामागे एकच लाइट, तोही मधोमध नको, मागच्या कडेकडे सरकवलेला, म्हणजे उजेड एका बाजूला जास्त आणि पुढे उतरत येईल. त्या उताराने चांदीला गोलाई येते. मग काळ्या कार्डाच्या बोटभर रुंद पट्ट्या काप आणि फ्रेमच्या बाहेर, वस्तूच्या अगदी जवळ उभ्या कर. एक एक पट्टी सरकवत लेन्समधून बघ. अमुक जागी आली की साखळीची प्रत्येक कडी सुटी दिसायला लागते. ती जागा सापडली की टेपची खूण कर. तुझ्या स्टुडिओतल्या टेपचा उपयोग इथे आहे.

घुंगरात तू दिसतेस त्याला इलाज नाही असं नाही. प्रत्येक घुंगरू बहिर्गोल आरसा आहे, त्यात अख्खी खोली येते. १०० ची मॅक्रो आहे ना, ती घेऊन जमेल तेवढी लांब जा. ट्रेसिंग पेपरला लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाड आणि त्यातून काढ. मग घुंगरात फक्त एक बारीक काळा ठिपका राहतो, तो रिटच कर, हे रिटच रास्त आहे. खोलीची खिडकी जाड कापडाने बंद, ट्यूब बंद, तुझा शर्ट काळा.

लेन्सचं छिद्र एफ/११ च्या आसपास ठेव. सगळं फोकसमध्ये यावं म्हणून एफ/२२ ला जाऊ नको, चित्र मऊ पडतं. फोकस सरकवत पाच-सहा फ्रेम घे आणि कॉम्प्युटरवर एकत्र जोड. एकसारखी डिझाइन एकत्र लाव: आधी सगळे पैंजण, मग जोडवी. दर वेळी लाइट हलवलास तर साठ डिझाइन संपणार नाहीत. हातमोजे सुती, ब्लोअर जवळ. आणि प्रत्येक नगाची ने-आण त्यांच्या माणसाच्या हातून, वहीत नोंद करून. संध्याकाळी वजन जुळलं की दोघांची सही. तुझ्याच भल्याचं आहे.

दर फोटोमागे मागतात तर दे, चांदीत तशीच पद्धत आहे. पण तो काढ दिवसावरून. एक डिझाइन बसवून एक फोटो आणि त्याच मांडणीत दुसरा अँगल, हे दिवसाला किती होतील ते आत्याच्या पैंजणावर करून बघ. धर वीस झाले. साठ डिझाइन म्हणजे तीन दिवस शूट, वर दीड-दोन दिवस फोकस जोडणं आणि रिटच. या सगळ्या दिवसांची रक्कम काढ, लाइटचं भाडं मिळव, एकशेवीसने भाग. येणारा आकडा जास्त वाटला तरी तोच सांग.

लाइट विकत घेऊ नको अजून. पुण्यात भाड्याने मिळतात, दोन स्ट्रोब (स्टुडिओ फ्लॅश) आणि एक बूम स्टँड (लाइट वरून आडवा धरणारा) आण. ट्रायपॉड मात्र आजच घे, जड घे.

दादर_टीटी

काळ्या पट्ट्यांचं अगदी बरोबर. मी स्टीलच्या भांड्यांना हेच करते. एक जोड: मालक आणि त्यांच्या घरातलं अंतिम होकार देणारं जे कुणी असेल, त्यांना पहिले तीन फोटो तिथेच लॅपटॉपवर दाखवून पसंती घे. केबल लावून थेट लॅपटॉपवर शूट कर. साठ डिझाइन झाल्यावर "थोडं अजून पांढरं हवं होतं" ऐकायला नको.

सावलीउजेड

करून बघितलं! काळी पट्टी डाव्या बाजूला, साधारण चार बोटांवर आली आणि कड्या एकदम उठून दिसल्या. बाबा शेजारी उभे होते, त्यांनाच आधी दिसलं. दिवसाला वीस नाही होत, सोळा होतायत, त्यावरून दर काढला.

कोटेशन असं लिहिलंय, बघाल का? ६० डिझाइन, प्रत्येकी २ फोटो, शूट तुमच्या जागी ४ दिवस. फोकस जोडणी आणि स्वच्छता धरून प्रति फोटो दर, लाइटभाडं वेगळं. अर्धी रक्कम तारीख ठरताना, उरलेली फाइल देताना. कॅटलॉग, वेबसाइट, व्हॉट्सअॅप असा वापराचा पूर्ण हक्क तुमचा. नमुना म्हणून फोटो दाखवायची मला परवानगी, तुम्ही सांगाल ती डिझाइन वगळून. रोज संध्याकाळी वजनाची नोंद आणि दोघांच्या सह्या. खाली उद्यम क्रमांक.

नोकरीत महिन्याची नोटीस आहे. हुपरीचं काम रजा टाकून करते, त्यानंतर बाबांच्या ओळखीच्या दोन फाउंड्र्यांना प्रिंट दाखवून मग राजीनाम्याची तारीख ठरवते.

भट्टीकाठचा

"रिटचिंगच्या दुरुस्त्या दोन फेऱ्यांपर्यंत, पुढे वेगळे पैसे" ही ओळ घाल. आणि फाइल किती दिवसांत देणार ते लिही, ते त्यांनी विचारायच्या आत. बाकी ठीक आहे, पाठव.